सुनेचे दोन ज्वालामुखी

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. बसवनगुडीत राहायची एक सासू, म्हणजे मी, एक सून माधवी, आणि दोघींच्या मध्ये दुपारभर बंद असायचं स्वयंपाकघराचं दार. आतून सुनेचा आवाज यायचा, "काही नुसते झोपलेले असतात, कधी भडकतील सांगता येत नाही." म्हटलं, हे माझ्याबद्दलच चाललंय. पण आत ऐकणारं कोण?

एके दिवशी दार ढकललंच. आत दुसरं कोणी नव्हतं. सून फळीवरच्या डब्यांशी बोलत होती.

"आई, सोमवारी शाळेत सातवीवर पाठ घेऊन दाखवायचाय. ज्वालामुखींचे प्रकार. जमला तर नोकरी."

"मग डब्यांना कशाला? मला शिकव."

तिने सांगितलं, एक ज्वालामुखी ढालीसारखा पसरट, दुसरा शंकूसारखा उंच. मला काही पटेना.

"दोन्हींतून वितळलेला दगडच येतो ना? मग एक बसका कसा? तू नुसतं पाठ केलंयस."

"पातळ रस लांब पसरतो, घट्ट तिथेच साठतो. पुस्तकात आहे, आई."

"पुस्तकाचं राहू दे. करून बघू."

मी ताटात एका बाजूला डोशाचं पीठ ओतलं, दुसऱ्या बाजूला मेदूवड्याचं. डोशाचं पार कडेपर्यंत गेलं. वड्याचं जागच्या जागी ढीग करून बसलं. सून बघतच राहिली.

सोमवारी ती दोन्ही पिठं डब्यांतून घेऊन गेली.

आठवड्याने पत्र आलं. "आई, नोकरी लागली," म्हणत तिने मला ते वाचून दाखवलं. संध्याकाळी मी तेच मुलाकडूनही वाचून घेतलं. दोघांनी सारखंच वाचलं, तेव्हा कुठे देवापुढे साखर ठेवली.