दत्तूआण्णांनी पेंड खाल्ली

म्हशीचं औषध माणसानं प्यालेलं मी एकदाच बघितलंय. दोघंही वाचले, ते आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मी राधानगरीकडं जनावरांचा डॉक्टर होतो. ऐन पावसाळ्यात दत्तूआण्णांची म्हैस झोकांड्या खायला लागली म्हणून बोलावणं आलं. आण्णा जुने पैलवान. त्यांच्या पेंडीच्या पोत्यात हात घातला, तर आत हिरवीगार बुरशी.

"आण्णा, पेंड विषारी झालीया. आजपासनं बंद करा."

"माझी पेंड विषारी?" म्हणत आण्णांनी मूठभर पेंड तोंडात टाकली आणि चावून गिळली. "बघा. काय झालं मला?"

मी म्हटलं, "म्हशीला तरी पहिल्या दिवशी कुठं काय झालतं?"

मी कोळशाची पूड पाण्यात कालवून बाटलीनं म्हशीला पाजली. ही पूड पोटातलं विष शोषून घेते, असंही सांगितलं. तसं आण्णांनी उरलेली बाटली माझ्या हातातनं ओढून घेतली.

"आण्णा, ते जनावराचं औषध हाय. तुम्ही दवाखान्यात जावा."

"एसटी संध्याकाळी हाय," म्हणून त्यांनी बाटली तोंडाला लावली. मिशा काळ्या, दात काळे. मग म्हशीला टेकून बसून राहिले.

तेवढ्यात त्यांची बायको, शालनवैनी, गोठ्यात आल्या. त्यांनी दोघांनाही नीट बघून घेतलं.

"डॉक्टर, म्हैस बरी झाली हे कशावरनं वळखायचं?"

"रवंथ करायला लागली की समजायचं."

"बरं," वैनी म्हणाल्या. "आणि ह्यांचं?"