आधी आईला विचारा

शिवणकाम करणाऱ्या आजी दवाखान्यात एकट्याच आल्या होत्या. शेजारच्या बाकावर लेकीला मांडीवर घेतलेली एक आई नर्सला सांगत होती,

“गालगुंड उतरलं, तरी ही पोट धरून बसायची. मला वाटलं, शाळा बुडवायची नाटकं. दोन दिवस दटावून पाठवलं हो.”

“गालगुंडानंतर कधीकधी स्वादुपिंड सुजतं, ताई. तुम्हाला काय ठाऊक! छकुले, आता दुखतंय का गं?”

“नाही.”

“मग पोट का धरलंयस?”

“उगीच.”

“खरं सांग, राणी.”

“आधी आईला विचारा, दुखतंय का ते.”

आईने लेकीला आणखी जवळ घेतलं. मग नर्स आजींकडे वळली.

“आजी, तुमचं कुठे दुखतंय? सोबत कोण आहे?”

“सोबत कुणी नाही,” पोटावरचा हात तसाच ठेवून आजी म्हणाल्या, “मग दुखून करायचंय काय?”