रेघेच्या वीतभर वर

(शिलाई मशिनं दुरुस्त करण्याचं दुकान, मागे घर. दुकानाचे मालक अण्णा स्टुलावर चढून छताजवळच्या कडीला एक मशीन टांगताहेत. विमा कार्यालयात काम करणारी त्यांची सून खाली स्टूल धरून उभी. सासूबाई मागच्या खोलीत.)

अण्णा : मी म्हणतो, नवा विमा हवाच कशाला? आणि स्टूल हलवू नकोस.

सून : मी नाही हलवत. तुमचे पाय थरथरताहेत.

अण्णा : घराला विमा आहे की. कर्ज काढलं तेव्हाच उतरवला होता.

सून : तो आगीचा, अण्णा. त्यात पाणी धरलेलं नाही.

अण्णा : म्हणजे घर जळलं तर पैसे, आणि बुडालं तर त्यांचे हात वर?

सून : पुराचा वेगळा घ्यावा लागतो. आणि आज घेतला म्हणून आज लागू होत नाही, मध्ये महिना जातो. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून तर तुमच्या मागे लागलेय.

अण्णा : किती जणांच्या गळ्यात मारायचा, ते ठरवून दिलंय का तुला कार्यालयानं?

सून : हो. सासऱ्यांपासून सुरुवात करा म्हणाले.

अण्णा : वाटलंच मला. बरं, मला एक सांग. मागच्या पुरानंतर तो नकाशावाला साहेब आला होता ना, तोच म्हणाला, हा शंभर वर्षांतला पूर. येऊन गेला की मग. पुढचा बघायला मी काही नसणार, आणि तूही नसशील.

सून : त्याचा अर्थ तसा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढंच. परवा येऊन गेला म्हणून यंदाची शक्यता काही कमी होत नाही.

अण्णा : हे काही डोक्यात शिरत नाही बुवा.

सून : तुमच्या आधी तुम्हाला बहिणी किती?

अण्णा : चार. त्याचं काय?

सून : तिसरीनंतर तुमची आजी काय म्हणाली होती? तुम्हीच सांगता ना नेहमी.

अण्णा : म्हणाली, ओळीनं तीन मुली झाल्या, आता मुलगा ठेवलेलाच.

सून : आणि?

अण्णा : आणि धाकटी आक्का झाली. आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

सून : झालं तर. पोटातल्या बाळाला काय ठाऊक, आपल्या आधी कोण कोण येऊन गेलंय? नदीचंही तेच.

अण्णा : हं. आता कुठे थोडं कळलं. आक्काला सांगतो, तुझ्यावरून पुराचा धडा शिकलो. ती मलाच नदीत ढकलेल.

सून : उतरा ना खाली.

अण्णा : थांब, ही शेवटची कडी. तू उगाच जीव टांगणीला लावून बसतेस. ही भिंतीवरची रेघ दिसतेय? मागचं पाणी इथवर आलं होतं. सगळ्या कड्या मी तिच्यावर वीतभर ठोकल्यात. मशीन टांगलं की चिंता मिटली.

सून : ती रेघ मागच्या पाण्याची आहे. पुढचं पाणी काय तुमची रेघ बघून थांबणार आहे? पलीकडे नवा रस्ता झालाय, त्याचा भराव केवढा उंच आहे. मागच्या खेपेला पाणी तिकडच्या शेतांत पसरलं. आता ते जाणार कुठे? नव्या नकाशात आपली गल्ली लाल रंगवलीय.

अण्णा : आपली? नीट बघितलंस का?

सून : पुन्हा पुन्हा बघितलं. वाटलं, माझंच काही चुकत असेल.

अण्णा : मग आणखी वर ठोकतो कड्या.

सून : आणखी वर आता कौलं आहेत. ते कोणाचं मशीन आहे तुमच्या हातात?

अण्णा : शाळेचे गणवेश शिवते ना, तिचं. ते खिडकीपाशी आहे ते म्हाताऱ्या शिंपीणबाईंचं. हे काळं, त्या नव्यानं शिकायला लागलेल्या पोरीचं. यातलं माझं एकही नाही, हीच तर अडचण आहे. माझी असती तर गेली उडत. लोक विश्वासानं ठेवून जातात. दार ओढून घेऊन मी पळून कसा जाऊ?

सून : म्हणून मागच्या वेळी मागे थांबलात.

अण्णा : थांबलो. आणि एकही बुडू दिलं नाही.

सून : ठाऊक आहे. म्हणूनच या विम्यात ते घालून घेतलंय. एरवी दुकानातला तुमचा स्वतःचा माल तेवढा धरतात, गिऱ्हाइकांचा नाही. मी साहेबांचं डोकं खाऊन ते कलम जोडून घेतलं. जिचं मशीन जाईल तिला भरपाई मिळेल.

अण्णा : आणि मिळेपर्यंत तिनं शिवायचं कशावर? पोरी, मशीन माणसाच्या हाताला बसलेलं असतं. पायाचा जोर किती द्यायचा, दोरा कुठे अडतो, सगळं तिला न बघता कळतं. नव्या मशीनमध्ये ते कुठून आणणार?

सून : नाही आणता येणार. तेवढं विम्यात बसत नाही. मी खोटं कशाला सांगू?

अण्णा : मग मी त्या बाईला काय तोंड दाखवायचं?

सून : तोंड दाखवायला तुम्ही असाल, अण्णा. मला तेवढंच हवंय. पुराचा भोंगा वाजला की निघायचं, मशिनं बुडाली तर बुडू देत. विमा मी त्यासाठी उतरवतेय. मशिनांसाठी कोण एवढं डोकं लावतंय?

अण्णा : मागच्या वेळी आलोच ना सुखरूप? तुम्ही सगळी शाळेच्या वरच्या मजल्यावर होता, कोरडी. थोडा घोर लागला असेल, मान्य. पण कोणाचं काही बिघडलं का?

सून : स्टूल नीट धरलंय मी, उतरा.

अण्णा : विचारलं त्याचं उत्तर दे.

सून : बोलायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय.

अण्णा : कोणी?

सासूबाई : मी. आधी खाली या तुम्ही.

अण्णा : तू कधी आलीस?

सासूबाई : मगाशीच आले चहा घेऊन. गार झाला. सांग गं त्यांना. सोडवली तुला शपथेतून.

सून : अण्णा, आई त्या दिवशी वर गेल्याच नव्हत्या. मी बाळाला वर शेजारणीकडे देऊन परत आले, तर या शाळेच्या खालच्या पायरीवर बसलेल्या. हात धरून ओढलं तरी हलेनात. म्हणाल्या, ते आल्याशिवाय मी चढणार नाही.

अण्णा : पण मी आलो तेव्हा ही तर म्हणाली, पाय मोकळे करायला आत्ताच उतरले म्हणून.

सासूबाई : तुम्ही कुडकुडत आला होता. तेव्हा काय भांडण काढू?

अण्णा : पाणी आलं होतं पायऱ्यांपर्यंत?

सून : खालची बुडाली तशा वरच्या पायरीवर सरकल्या. तीही बुडाली, तेव्हा आणखी एक वर. मी शेजारी बसून होते. वरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

अण्णा : अगं, वेडी आहेस का तू?

सासूबाई : तुम्हाला मशिनं सोडवेनात आणि मला तुम्ही. आता त्यात वेडं कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा.

अण्णा : इतके दिवस बोलली का नाहीस?

सासूबाई : बोलले असते तर तुम्ही दुकान बंद केलं असतं. तुमचं हे दुकान मला आवडतं. सकाळी इथून टकटक ऐकू आली की मला बरं वाटतं.

अण्णा : हे धर, पोरी. सांभाळून, जड आहे. यातली जी दुरुस्त झालीत ती उद्या घरोघरी पोचवून टाकू. पावसाळ्यात इथे कमीच ठेवायची. आणि तो विमा उतरवून टाक.

सून : आणि भोंगा वाजल्यावर?

अण्णा : पहिल्याच भोंग्याला निघू. दार उघडं राहिलं तरी राहू दे.

सासूबाई : माझे गुडघे दुखतात. माझ्याबरोबर हळू चालावं लागेल तुम्हाला.

अण्णा : चालेन.