राजरत्न नाटक करत नव्हता

सभेचे अध्यक्ष आदरणीय गौतमदादा, मंचावरील मान्यवर, आज रुग्णालयातून निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती मानसोपचारतज्ज्ञ दीपिका मॅडम, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतल्या माझ्या सगळ्या माणसांनो, सविनय जय भीम!

मघाशी एक वडीलधारे हळूच म्हणाले, "वैशाली, आनंदाचा कार्यक्रम आहे, भावाचं नको काढू." काका, मान ठेवून सांगते, काढणार!

माझा धाकटा भाऊ राजरत्न पार्ट्यांमध्ये लायटिंग करायचा. तिथेच केटामिनची पावडर हातात आली. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर भूल द्यायला वापरतात, तेच औषध. आधी शनिवार-रविवार, मग रोज. काही वर्षं असंच चाललं. शेवटी लघवीला रक्त आलं, तेव्हा घाबरून त्याने सोडलं.

आम्हाला वाटलं, सुटलो! पण जयंतीच्या रोषणाईला तो शिडीवर चढला आणि वायर हातात धरून थांबला. "ताई, आता काय जोडायचं होतं?" खाली सगळे हसले. "अजून उतरली नाही वाटतं!" सोडून कित्येक महिने झाले होते हो! पण खरं सांगू? त्याने सोडलंय यावर माझाही विश्वास बसेना.

लघवीच्या डॉक्टरांनी त्याला मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी एक छोटी गोष्ट सांगितली, इकडचं तिकडचं बोलल्या आणि म्हणाल्या, "आता तू सांग." त्याला सुरुवातही आठवेना. म्हणाला, "मॅडम, मी नाटक नाही करत."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. माझा भाऊ तिथेच हमसून हमसून रडला.

मग त्याला विचारून मॅडम आमच्या चाळीत लोकांशी बोलायला आल्या. कुणीतरी ओरडलं, "गर्दुल्ल्याला बाहेर काढा, चाळीचं नाव जातंय!" मॅडमनी आवाज चढवला नाही. "मोडलेल्या पायाच्या माणसाला तुम्ही धावायला लावता का? हे औषध मेंदूच्या पेशींमधले निरोप अडवतं. वर्षानुवर्षं घेतलं की नवं लक्षात राहत नाही, शब्द सापडत नाहीत, मन खचतं. बंद केल्यावर पुष्कळ जणांचं बरंचसं परत येतं. सगळं येईल, अशी हमी मी देणार नाही. पण हा इथेच राहील."

आणि तो राहिला! आज या हॉलचे दिवे त्याने लावलेत. नव्या शेजाऱ्यांची नावं अजून विसरतो. विसरू दे! बोलावं की नाही, हे मी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "बोल ताई. माझ्या डोक्यातून जे गेलंय, तेसुद्धा सांग. इथे अजून कुणाचा तरी भाऊ असेल."

मॅडम, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलताना मागेपुढे झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. पण लाजेपोटी मी एक शब्दही गाळलेला नाही. जय भीम!