रिकाम्या मैदानाचं एक मिनिट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गार्नेट बोलिंग, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले कोळसा कंपनीचे श्री. विटाकर, प्रार्थना म्हणून सुरुवात करून देणारे पादरी स्लोन, उत्सव समितीतले माझे सहकारी, आपापले बँजो आणि फिडल गाडीत ठेवून नाइलाजाने आत आलेले तमाम वादक, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकणाऱ्या भगिनी, आणि पहिल्या रांगेत लेकाच्या लग्नातला कोट चढवून अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती एस्टिल रॅटलिफ व त्यांच्या पत्नी नोवेला, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी आयडेल मुलिन्स. डव्ह फोर्कच्या या ब्लूग्रास संगीताच्या उत्सवात गेली एकोणचाळीस वर्षं मी माझ्यापेक्षा उंच असलेला बास वाजवत उभी आहे. समितीने मला पाच मिनिटं गोड बोलायला सांगितलंय. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे गोड बोलायची सवय राहिलेली नाही, तरी प्रयत्न करते.

एस्टिल या उत्सवाचा ध्वनिमुद्रक. पहिल्या वर्षापासून रंगमंचावर वाजलेलं प्रत्येक गाणं त्याने टेपवर घेतलं. शिवाय उरलेल्या अकरा महिन्यांत हा माणूस डोंगराडोंगरातल्या ओसऱ्यांवर जाऊन बसायचा. खाणीत छाती गेलेले म्हातारे वादक याला सांगायचे, ही चाल मी अमक्याकडून घेतली, त्याने तमक्याकडून घेतली, आणि मधेच खोकून सांगायचे की बायको ऐकतेय, ते यंत्र जरा बंद कर. एस्टिल ते बंद करत नसे. त्यातले बहुतेक आता गेले. त्यांच्या नातवंडांना आजोबांचा आवाज ऐकायचा असेल, तर एस्टिलच्या तळघराखेरीज दुसरी जागा नाही. आपण ज्याला परंपरा जपणं म्हणतो आणि फलकावर लिहितो, ते काम एकट्या माणसाने केलं.

त्याचा एक नेम तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यावरून तुम्ही सगळ्यांनी त्याची टर उडवली आहे. उत्सवाच्या गुरुवारी सकाळी, कुणी एक तारही छेडण्याआधी, तो रिकाम्या रंगमंचावर दोन मायक्रोफोन ठेवायचा, एक डाव्या हाताला, एक उजव्या, आणि एक मिनिट नुसती शांतता टेपवर घ्यायचा. त्या मिनिटात कुणी शिंकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वैतागून विचारलं होतं, "अरे, काहीच नसलेलं कशाला साठवतोस? लोणचं घालायचंय का त्याचं?" तर म्हणाला, "बाई, हे मैदान एकटं असताना कसं बोलतं ते कळलं नाही, तर तुमचा गोंगाट त्यात बसवू कुठे? गप उभी राहा." त्यावर आम्ही सगळे हसलो होतो.

अध्यक्ष महाशय, घड्याळाकडे माझं लक्ष आहे.

त्या ओसरीवरच्या टेपांमधली एक हायरम सेक्स्टनची आहे. हायरमकाका फिडल वाजवायचे, तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांना आठवत असतील. ते नऊ वर्षांचे असताना पलीकडच्या खोऱ्यात एक बांध फुटला होता. आपल्या डोक्यावर डोंगरात कंपनीचा आहे तसाच, कोळसा धुतलेलं काळं पाणी अडवणारा, मातीचा. टेपवर एस्टिल त्यांना विचारतो, "काका, फुटायच्या आधी काही कळलं होतं का?" आणि ते म्हणतात, "सूर लावत बसलो होतो रे. ओढा नेहमी माझ्या डाव्या कानाला असायचा. त्या आठवड्यात तो उजव्या कानाला आला. उजवीकडे तर नुसता डोंगर. आईला सांगितलं, तिने आम्हाला उचललं आणि वर मावशीकडे नेलं. शेजारी हसले. मग शेजारी राहिले नाहीत." एवढं बोलून ते एक चाल वाजवतात. ती आपण दर वर्षी नाचाला घेतो.

यंदाच्या हिवाळ्यात एस्टिल जुन्या टेपांच्या नव्या प्रती करत होता, कारण टेप झडायला लागल्या आहेत. काम करता करता त्याने गुरुवारच्या शांततेची ती एकोणचाळीस मिनिटं कापून एकापुढे एक जोडली. हौस, दुसरं काय. छत्तीस वर्षं तोच प्रकार: डावीकडे ओढा, उजवीकडे डोंगर, म्हणजे पाखरं आणि वारा. शेवटची तीन वर्षं ओढा बारीक होत गेला. आणि उजवीकडून, जिथे ओढा नाही, ओहोळ नाही, साधी पन्हळसुद्धा नाही, तिथून पाण्याचा आवाज येतो. पहिल्या वर्षी नळ गळावा एवढा. गेल्या वर्षी, काय सांगू, मातीखाली कुणीतरी घाईने चालतंय असं वाटतं.

श्री. विटाकर, आपण पाणी घ्या. ते बाटलीतलं आहे.

एस्टिलने मार्चमध्ये समितीपुढे ते ऐकवलं. म्हणाला, "माझं एवढंच मागणं आहे. उत्सव वर शाळेच्या पठारावर न्या. चार हजार माणसं या मैदानात तंबू ठोकून झोपणार आहेत." आपण काय केलं? कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने सभ्यपणे कळवलं की बांधाची तपासणी वेळेवर होते. याच कंपनीने आपल्याला रंगमंचावरचं नवं छप्पर दिलंय, त्याबद्दल समितीच्या वतीने मी आभार मानते. मग समितीतल्या एका शहाण्या माणसाने तोड काढली. म्हणाला, म्हाताऱ्याने तारा उलट्या जोडल्या असणार, डावीची उजवीत आणि उजवीची डावीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला, हात थरथरतात, होतं असं. ओढाच उजवीकडे ऐकू येतोय, दुसरं काही नाही.

ही चूक ध्वनिमुद्रणाच्या कामात खरोखरच होते. पंचवीस वर्षांची पोरंसुद्धा करतात. म्हणून ती सगळ्यांना पटली. एस्टिल उठून एवढंच म्हणाला, "मी तारा उलट्या जोडल्या नाहीत." आणि बसला. मग एस्टिलला सन्मानाने निवृत्त करावं, असा ठराव आला. तो शहाणा माणूस म्हणजे मी. हात वर करणारी पहिलीही मीच. मला नवं छप्पर हवं होतं, आणि भीती वाटली की उत्सव हलवला तर मोडेल. एस्टिल, मला तुझ्या डोळ्यांकडे बघवत नाहीये, म्हणून मी घड्याळाकडे बघतेय.

अध्यक्ष महाशय, आपली चिठ्ठी मिळाली. दोनच मिनिटं.

या मंगळवारी मी नोवेलाकडे गेले. हे भाषण गोड करायला एखादा किस्सा हवा होता. तिने मला घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव वाढला, माझ्याशी एक अक्षर न बोलता, आणि गेल्या वर्षीची टेप लावून दिली. ते मिनिट संपतं. टेप चालूच असते. मग ठक् असा आवाज येतो, आणि एक बाई वसकन म्हणते, "झालं का रे तुझं? पाय दुखले माझे."

ती बाई मी. आणि माझा आवाज डावीकडून येतो.

वादक मंडळींना सांगायला नको. बास कुठे उभा राहतो? आपल्या रंगमंचावर ओढ्याच्या बाजूच्या तिसऱ्या फळीत एक भोक आहे. एकोणचाळीस वर्षं माझ्या बासचा खालचा खिळा त्यातच रुततो, दुसरीकडे तो घसरतो. तो ठक् आवाज त्या खिळ्याचा. नव्या छपरासाठी खांब बदलले, पण फळी तीच आहे, आज सकाळी हात लावून पाहून आले. तारा उलट्या असत्या, तर मी उजवीकडून ओरडले असते. मी डावीकडे आहे, म्हणजे तारा बरोबर आहेत. आणि तारा बरोबर असतील, तर ते पाणी डोंगराखालून, बांधाकडून, आपल्या पायांखाली येतंय. गुरुवारी आपला चाळिसावा उत्सव सुरू होतो. आज शनिवार आहे.

नोवेलाने तेव्हा तोंड उघडलं. म्हणाली, "आयडेल, तो रोज सकाळी उठून मैदानावर जातो आणि कान लावून उभा राहतो. लोक म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तू म्हणाली होतीस, म्हणून लोक म्हणतात." मी ताट पुढे सारलं. मला फार लाज वाटली, आणि अजून वाटते आहे.

आता समारोप. अध्यक्षांनी मला वेळ दिला, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, भगिनींनी स्वयंपाक केला, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, वेळेची मर्यादा ओलांडली असेल, तर या जुन्या मास्तरणीला पदरात घ्या. एस्टिलची मात्र मी सर्वांसमोर वेगळी माफी मागते. शाल, फलक, सगळं तयार आहे, पण त्याआधी सत्कारमूर्तींना शोभेल असा मान आपण देऊया. लायनेल, तो पंखा बंद कर. खिडकीतल्या बायांनो, नळ बंद करा. या सभागृहातही ओढा स्वयंपाकघराच्या बाजूला आहे आणि डोंगर त्या मागच्या दाराच्या बाजूला. पादरीसाहेब, ते दार जरा उघडता का? आता सगळ्यांनी मिळून एक मिनिट गप्प राहायचं. शिंकलात तर पुन्हा पहिल्यापासून. एस्टिल, घड्याळ तू लाव.

…

झालं. धन्यवाद.

माननीय अध्यक्ष, आपली मान दाराकडे वळली होती. श्री. विटाकर, आपलीही. मी शाळेत पस्तीस वर्षं मुलांच्या माना बघितल्या आहेत, माझी नजर चुकत नाही. उत्सव पठारावर नेण्याबद्दल एस्टिलची सूचना मार्चपासून पडून आहे. ती मी आत्ता इथे पुन्हा मांडते, आणि पहिला हात माझा आहे.