तुतीच्या सावलीचं टोक

भाची : (जुनी वही वाचत) विहिरीकडे पाय.

भाची : लोहाराच्या धाकट्याला खेटून.

भाची : दोघी बहिणी, मधे चप्पल मावेल एवढीच जागा.

भाची : पाहुणा. नाव सांगितलं नाही. ऊन लागणार नाही असा ठेवला.

आत्या : किती गोड लिहिलंय! पण यात आपलं कोण?

भाची : नावं नाहीतच गं, नुसते पत्ते. दफनाची नोंदवही आहे की पोस्टमनची? हं, हे बघ... ‘शिंपीणबाईंची सून. दुपार कलताना, तुतीच्या सावलीच्या टोकाला.’

आत्या : शिंपीणबाई म्हणजे माझी आजी. म्हणजे ही माझी आई. तुझ्या बापाची आणि माझी.

रखवालदार : आमचे आजोबा सावलीवरूनच जागा लिहायचे. दिवस वर लिहिलाय बघा. म्हणून तर आजच या म्हटलं तुम्हाला. त्या दिवशी, त्या वेळेला सावली बरोबर तिथेच पडणार.

आत्या : ऐकलंस? आईला भेटायची वेळ घ्यावी लागली. डॉक्टरसुद्धा एवढा भाव खात नाहीत.

रखवालदार : दुपार कलली. चला आजी.

आत्या : आजी काय म्हणता? मिशा तुमच्या पांढऱ्या झाल्यात.

रखवालदार : बरं, ताई. जपून. गवतात पाय अडकतो.

भाची : आत्या, हळू. एवढी घाई कशाला?

आत्या : घाई आहेच. एकदा जमिनीला हात लावून ‘आई’ म्हणायचंय. आजवर कुणाला म्हटलेलं नाही मी.

भाची : इथे संपली सावली! तिच्या नावाचा दगड आणू गाडीतून? इथेच बसवू या.

रखवालदार : थांबा. अरे देवा.

भाची : काय झालं?

रखवालदार : झाड वाढलं की हो! तेव्हा रोप होतं ते, कमरेएवढं. सावली ती केवढी असणार? आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना आजच्या सावलीच्या टोकाशी आणतोय. किती जणांना परक्यांच्या मातीपुढे रडवलं मी!

आत्या : असू दे. त्या परक्यांसाठी तरी दुसरं कोण रडत होतं?

भाची : मग माझी आजी कुठे?

रखवालदार : बुंध्याशी. बुंध्यातच म्हणा. मुळं तिच्यावरूनच गेलीत.

भाची : मग दगड कसा बसवायचा? खणलं तर मुळं तुटतील.

आत्या : कुणी काही खणू नका. मला जरा टेकू द्या.

(ती बुंध्याला पाठ लावून बसते.)

आत्या : केवढी वाढलीस गं, आई.

भाची : तुती पडतायत तुझ्या मांडीवर. डाग जाणार नाहीत हं.

आत्या : कुणाला घालवायचेत?

भाची : आणि दगडाचं?

आत्या : राहू दे गाडीत. बस इथे, माझ्याजवळ. ती गेली त्या दिवशी मला शेजारणीने पाजलं.