अर्ध्यात जिंकलेली शर्यत

तुम्ही माझ्या पदकांचं विचारता, पण मला अजून आठवते ती नागपूरची पहिली शर्यत. शंभर मीटर फ्रीस्टाइल, आणि मी बारा वर्षांची. तोवर मी फक्त गोंदियाजवळच्या आमच्या कामठ्याच्या तलावात पोहले होते. मी या काठावरून सुटायची आणि पलीकडच्या काठावर बाबा सायकलनं टॉवेल घेऊन आधीच पोचलेले असायचे.

शिट्टी वाजली. समोरच्या भिंतीला पहिला हात माझाच लागला. मी टुणकन बाहेर आले, बाबाही टॉवेल घेऊन धावत आले. मागे वळून पाहते तर बाकीच्या साती जणी परत निघालेल्या!

पंच म्हणाले, "बेटा, वापस भी जाना था ना."

मी बाद झाले, हमसून हमसून रडले. तेवढ्यात एक प्रशिक्षक बाबांजवळ आले. "हिला माझ्याकडे पाठवा. वळायचं मी शिकवतो." पुढची आठ वर्षं मी त्यांच्याकडेच पोहले.

 त्या दिवशी परतीच्या गाडीतून गोंदिया स्टेशनावर उतरताना बाबा मात्र हळूच म्हणाले, "पोरी, सबसे पहले त तूच पोचली होती ना? मंग त्या वापस कायले गेल्या?"